टाल्टीच्या भांड्यातला खडा

सोमवार उजाडला की सेनन टाल्टीच्या घराकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंनी गाड्या लागत. चिखलाने माखलेले ट्रॅक्टर, लांबच्या जिल्ह्यातून आलेल्या चकचकीत मोटारी, आणि एकदा तर शववाहिनीसुद्धा. तिला पाहून लोक जरा बिचकले, पण ती रिकामी होती. तिच्या ड्रायव्हरची पाठ धरली होती.

त्या सोमवारी मी माझ्या मेहुण्याला, कोलमनला, घेऊन तिथे गेलो. खरं सांगायचं तर माझी बहीण ॲट्रॅक्टा आम्हा दोघांना घेऊन गेली. कोलमन पुढच्या सीटवर कमरेच्या डाव्या बाजूला हात दाबून बसला होता. मी मागे, मांडीवर पुस्तक घेऊन. ते मी उघडलं नाही.

अंगणात गर्दी होती आणि गर्दीच्या मधोमध ब्रीज नावाची लाल कोटातली बाई मोबाइल उंच धरून फिरत होती.

"हा बघा आधीचा सीटी स्कॅन. डॉक्टरच्या पडद्यावरून मी स्वतः फोटो काढलाय. हा पांढरा ठिपका दिसतो ना? तो माझा मुतखडा. आणि हा बघा नंतरचा! शोधा, दाखवा कुणी ठिपका! मशीनला सापडला नाही, डॉक्टरला सापडला नाही. सेननच्या तीन फेऱ्या झाल्या आणि खडा गायब!"

मोबाइल या हातातून त्या हातात गेला. बायकांनी छातीवर क्रूस काढले. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने तो उलटा धरला, बराच वेळ डोळे बारीक करून पाहिला आणि म्हणाला, "चमत्कार!"

"स्कॅन कधी खोटं बोलतो का?" माझ्या मागून कुणीतरी म्हणालं.

मला याचं नवल वाटलं. इथे जमलेली निम्मी माणसं इस्पितळाला कंटाळून आली होती, आणि टाल्टीच्या मोठेपणाचा पुरावा म्हणून ती इस्पितळाच्याच मशीनकडे बोट दाखवत होती. पण मी काही बोललो नाही. आयुष्यभर मी गावचं वाचनालय सांभाळलं. तिथे हळू बोलायची सवय लागते, आणि पुढे पुढे न बोलायचीच.

मग टाल्टी बाहेर आला. सातव्या मुलाचा सातवा मुलगा. आमच्याकडे अशा माणसाच्या हाताला उपजत गुण असतो असं मानतात. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हात घासून लाल केलेले, खांद्यावर पांढरा टॉवेल, आणि पुढ्यात पाण्याने भरलेलं इनॅमलचं पसरट भांडं.

"या रे माझ्या राजांनो," तो म्हणाला. "मी कोण? मी कुणीच नाही. मी नुसता नळ आहे, पाणी वरून येतं. पैसा मला दाखवू नका. आभार तर मुळीच मानू नका. आभार मानले की गुण पळतो. फेऱ्या तीन. सोमवार, गुरुवार, पुन्हा सोमवार. आणि तीन फेऱ्या होईपर्यंत आत कुणी डोकावायचं नाही! डॉक्टर नाही, मशीन नाही. पेरलेलं बी तुम्ही रोज उकरून बघता का?"

"नाही!" लोक हसत म्हणाले.

"मग त्या स्कॅनच्या भोंग्यात जाऊन का झोपता?"

पैसा तो घेत नसे हे खरं. त्याच्या खिडकीच्या कठड्यावर व्हिस्कीच्या बाटल्या मात्र आपोआप उगवत.

कोलमनची पाळी आली. टाल्टीने त्याला खुर्चीवर उलटं बसवलं, शर्ट वर केला, टॉवेलला हात पुसले, भांड्यात बुडवले आणि त्याच्या कमरेवर फिरवायला सुरुवात केली. ओठ पुटपुटत होते. मध्येच तो थबकला.

"सापडला चोर! वाटाण्याएवढा आहे. कोलमन, राजा, कितीदा लपून बसलाय हा तुझ्यात?"

"पहिल्यांदाच," कोलमन दातावर दात दाबून म्हणाला.

"पहिल्यांदा आणि शेवटचा!" टाल्टीने कमरेला एक हिसका दिला, हात भांड्यावर झटकला, आणि खाली ठणकन आवाज झाला.

टाल्टीने पाण्यातून एक करडा, खरबरीत खडा काढला आणि कोलमनच्या तळहातावर ठेवला. कोलमनने तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे सुटकेचं हसू पसरलं ते बघून मला माझ्याच शंकेची लाज वाटली.

"आभा..." तो म्हणायला लागला.

"गप!" ॲट्रॅक्टाने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

*

याच्या आधीच्या शनिवारी कोलमन कॅज्युअल्टीत होता. शनिवारची कॅज्युअल्टी म्हणजे स्ट्रेचरमागे स्ट्रेचर, भिंतीला टेकून उभी असलेली माणसं आणि मधून धावणाऱ्या नर्सेस. कुशीत एकाएकी कळ आली म्हणून आम्ही त्याला नेलं. एका तरुण डॉक्टरने लघवी तपासली, तीत रक्ताचा अंश दिसला. "बहुतेक मुतखडा आहे," तो म्हणाला. एक इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. कळ थांबली. स्कॅन झाला नाही. निघताना त्याने बजावलं होतं, "पुन्हा दुखलं तर परत या. वाट बघू नका."

रविवारी पुन्हा दुखलं. पण परत जायचं म्हणजे पुन्हा ती भिंत आणि ती रांग. आणि कुठल्याशा शेजारणीने ॲट्रॅक्टाच्या कानात टाल्टीचं नाव घातलं.

गुरुवारी दुसरी फेरी झाली. या वेळी खडा निघाला नाही. "मूळ राहिलंय," टाल्टी म्हणाला. "सोमवारी तेही उपटू." दुखणं थांबलेलं नव्हतं, नुसतं बोथट झालं होतं, आणि आता ते पाठीत उतरलं होतं. कोलमनने रोजची सिगारेट अर्धवट टाकून दिली. असं त्याने याआधी कधीच केलं नव्हतं.

माझ्याकडे एक जुना वैद्यकीय कोश आहे. त्यात मी वाचलं की साठी उलटलेल्या, सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाला आयुष्यात पहिल्यांदाच मुतखड्यासारखी कळ आली, तर ती मुतखड्याचीच असेल असं धरून चालू नये. पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीला फुगा आला असला, तरी अशीच कळ येते. मी ते तीनदा वाचलं. मग वाटलं, पुस्तकं वाचून माणूस साऱ्या जगाला रोग लावत सुटतो. आपलं चुकतही असेल.

तरी शुक्रवारी मी बहिणीला भीत भीत सांगितलं.

"तुझ्या पुस्तकात सगळ्यांना सगळंच होतं," ती म्हणाली. "त्या पुस्तकावरून मी एकदा मरायला टेकले होते, आठवतं? साधी सर्दी होती."

"एकदा परत दाखवून येऊ या. नुसता स्कॅन."

"आणि गुण मोडू? एकच फेरी राहिलीय, फिंटन! एकच!"

तो खडा कोलमनने काडेपेटीत ठेवला होता आणि ती मुठीत धरून बसला होता.

*

शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे मासे आणि बटाट्याच्या तळलेल्या फोडी येतात, गरम, कागदात गुंडाळलेल्या. आम्ही टेबलाशी बसलो होतो तेव्हा डर्व्ला क्वीली डोकावली. शेजारच्या क्वीलींची ही मुलगी त्याच इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत डॉक्टर आहे. आईला भेटायला आली होती. आईने तिला सगळं सांगितलेलं दिसत होतं.

"कोलमन, तुम्ही परत का नाही आलात?" तिने कोट न काढताच विचारलं.

"खडा निघाला की. हा बघ." त्याने काडेपेटी पुढे सरकवली.

डर्व्लाने खडा दिव्याखाली धरला. "मूत्रमार्गातून आलाय म्हणता हा?"

"कातडीतून," ॲट्रॅक्टा ठामपणे म्हणाली. "सेननच्या हातातून. आम्ही सगळ्यांनी पाहिलं."

"तुम्ही नक्की काय पाहिलंत?"

"हात रिकामे होते! बाह्या वर होत्या!"

"आणि टॉवेल?"

मी हळूच म्हणालो, "हात कोरडेच होते, तरी पाण्यात घालायच्या आधी त्याने ते टॉवेलला पुसले. मला जरा विचित्र वाटलं. पण म्हटलं, असेल रीत."

डर्व्ला हसली. खडा घेऊन ती सिंकजवळ गेली, टॉवेलशी जरा खुडबुडली, हात नळाखाली धरले आणि परत आली. तळहात आमच्याकडे करून बोटं पसरून दाखवली. रिकामी. ॲट्रॅक्टाच्या खांद्याला तिने हात लावला, हिसका दिला, आणि रिकाम्या बशीत ठणकन आवाज झाला.

"अगं बाई!" ॲट्रॅक्टा खुर्चीतून उठलीच.

"टॉवेलच्या घडीतून उचलायचा आणि दोन बोटांच्या बेचक्यात धरायचा. ओल्या बोटांना खडा चिकटतो. कॉलेजात आम्ही नाण्याने करायचो, बिअर जिंकायला."

"तू केलंस म्हणून त्यानेही तसंच केलं असं थोडंच आहे!" माझी बहीण काही सहजासहजी हरणारी नाही, आणि तिचं म्हणणं चूक नव्हतं.

"बरोबर," डर्व्ला म्हणाली. "मग खड्यालाच विचारू." तिने सुरीच्या टोकाने खडा खरवडला आणि टेबलावरची व्हिनेगरची बाटली त्याच्यावर उपडी केली. खरवडलेल्या जागी बारीक बुडबुडे फसफसून वर येऊ लागले. "हा चुनखडक आहे. आपल्या सगळ्या रस्त्यांवर, अंगणांत पसरलेला. मुतखडा साधारण असा फसफसत नाही."

"तू म्हणतेस म्हणून?" कोलमनने विचारलं. त्याची नजर बुडबुड्यांवरून हलत नव्हती.

आता मला बोलणं भागच होतं. मी उठलो, माझ्या खोलीत गेलो आणि कपाटातून औषधाची एक जुनी बाटली आणली. तिच्यात कापसात गुंडाळलेला लहानसा तपकिरी खडा होता.

"हे काय?" ॲट्रॅक्टाने विचारलं.

"माझा."

"तुझा काय?"

"मुतखडा. इस्पितळाने तपासून परत दिलेला."

"तुला मुतखडा झाला होता? आणि मला सांगितलं नाहीस?"

"असल्या गोष्टी सांगायच्या तरी कशा?" मी म्हणालो. माझे कान तापले होते.

डर्व्लाने तोही खरवडला, दुसऱ्या बशीत ठेवला, वर व्हिनेगर ओतलं. आम्ही चौघं बघत राहिलो. काहीही झालं नाही. एका बशीत फेस आणि दुसऱ्या बशीत शांतता.

"आणि तो गेला कसा?" कोलमनने मला विचारलं. "कुणी हात फिरवला?"

"कुणी नाही. पाणी पीत होतो, वाचत होतो. एक दिवस गेला."

"लहान खडे बहुतेक आपोआपच जातात," डर्व्ला म्हणाली. "ब्रीजचा गेला, फिंटनचा गेला. ब्रीज मधल्या दिवसांत टाल्टीकडे गेली, इतकंच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. ज्यांचे खडे गेले नाहीत, ते मोबाइल उंच धरून त्याच्या अंगणात नाचायला येत नाहीत. आणि कोलमन, सोमवारी तिथे जाण्याआधी तुम्ही आमची गोळी घेतली होती ना?"

"घेतली होती," ॲट्रॅक्टा हळूच म्हणाली. "मीच दिली. निघताना."

"मग कळ कुणी दाबली?"

कोलमनने खडा बशीतून उचलला, बोटांत फिरवला. "म्हणजे माझ्या आत जे काही आहे," तो सावकाश म्हणाला, "ते अजून आहे."

तो उठायला गेला आणि टेबलाची कड धरून वाकला. तोंड पांढरंफटक पडलं, कपाळावर घामाचे थेंब आले. डर्व्लाने त्याला तिथेच जमिनीवर आडवं केलं, पोटावर हात ठेवला, आणि तिचा आवाज एकदम बदलला.

"फिंटन, ॲम्ब्युलन्सला फोन करा. माझं नाव सांगा. ॲट्रॅक्टा, यांना पाणीसुद्धा देऊ नका."

*

या वेळी स्कॅन झाला. कोशातलं ते पान बरोबर होतं. आयुष्यात मला बरोबर ठरल्याचं इतकं वाईट कधीच वाटलं नाही. पोटातली मोठी रक्तवाहिनी मुठीएवढी फुगली होती आणि एका जागी झिरपत होती. झिरपलेलं रक्त आजूबाजूच्या भागाने कसंबसं थोपवून धरलं होतं. मूत्रपिंडात खडा नव्हता, खड्याची खूणही नव्हती.

शस्त्रक्रिया चालू असताना डर्व्ला आमच्याजवळ येऊन बसली. ॲट्रॅक्टा जपमाळ ओढत होती.

"शनिवारीच स्कॅन करायला हवा होता," डर्व्ला म्हणाली. "ती आमची चूक. तो डॉक्टर नवा आहे, गर्दी होती, हे सगळं खरं, पण चूक ती चूक. येईल त्या प्रत्येकाला मशीनमध्ये घालता येत नाही. किरणांचा थोडा अपाय असतो, आणि बहुतेकांना गरजही नसते. म्हणून तर परत या असं सांगतो. जो परत येतो, त्याच्याकडे पहिलं निदान विसरून नव्याने बघायचं. त्याचं परत येणं हेच एक लक्षण असतं."

"आणि तेव्हा स्कॅन चांगला आला तर?" मी विचारलं.

"तरी दुखणं वाढलं, तर पुन्हा यायचं. स्कॅन म्हणजे देव नाही, फिंटन. त्या क्षणाचं चित्र आहे."

ॲट्रॅक्टाची जपमाळ थांबली. "मीच त्याला तिकडे नेलं," ती म्हणाली. मी तिचा हात धरला.

*

कोलमन वाचला. डॉक्टर म्हणाले, अशी माणसं बरीचशी वाचत नाहीत. तो वॉर्डात आला तेव्हा निम्मा झाला होता, आणि आवाज कागद चुरगळल्यासारखा येत होता.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी सेनन टाल्टी वॉर्डात आला. नवा कोट, विंचरलेले केस. दोन-तीन रुग्णांनी उशीवरून माना उचलल्या. भेटायला आलेल्या एकीने त्याच्याकडे बघून क्रूस काढला.

"काय राजा, वाचलास ना?" तो मोठ्याने म्हणाला. "माझ्या दोन फेऱ्यांनी ती शीर धरून ठेवली, नाहीतर कुठला रे तू! ॲट्रॅक्टा, एक भांडं आण पाण्याचं. राहिलेली फेरी आज इथेच पुरी करू." आणि पिशवीतून पांढरा टॉवेल काढून त्याने खांद्यावर टाकला.

ॲट्रॅक्टा जागची हलली नाही. वॉर्डात सगळ्यांचे डोळे आमच्याकडे लागले होते. मी उठलो आणि पलंग आणि टाल्टी यांच्यामध्ये उभा राहिलो.

"टॉवेल," मी म्हणालो.

"काय?"

"आधी टॉवेल माझ्याकडे द्या."

"फिंटन, तू भला माणूस आहेस, तू..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी टॉवेल ओढला आणि झटकला. असं मी कसं केलं ते मला अजून कळलेलं नाही. इस्पितळाच्या गुळगुळीत फरशीवर तीन करडे खडे पडले, उडाले आणि एक पलंगाखाली गडगडत गेला. सगळ्या वॉर्डाने तो आवाज ऐकला.

टाल्टी त्या खड्यांकडे बघत राहिला. मग तो खालच्या आवाजात, मला एकट्याला ऐकू यावं असं बोलला, आणि त्यात त्याची नेहमीची नाटकी लय नव्हती. "आवाज आला नाही तर लोकांचा विश्वास बसत नाही, फिंटन. आवाज आला की त्यांना झोप लागते. मी कुणाचं वाईट केलं?"

कोलमनने ते ऐकलं होतं.

"मला झोप लागली, सेनन," तो म्हणाला. "छान लागली. तेच तर. आणखी दोन रात्री तसाच झोपलो असतो, तर उठलो नसतो."

टाल्टी टॉवेल न घेताच गेला.

मला वाटलं होतं, आता संपलं. पण गावात वेगळीच कथा फिरते आहे. टाल्टीच्या दोन फेऱ्यांनी शीर फुटता फुटता राहिली. आणि वाचनालयातल्या म्हाताऱ्याने तिसरी होऊ दिली नाही, म्हणून कोलमन अजून काठी घेऊन चालतो. ब्रीजने मला रस्त्यात गाठून तोंडावर सांगितलं, "तुझ्यासारख्या वाचणाऱ्यांना श्रद्धा पचत नाही." टाल्टीच्या रस्त्यावर सोमवारी गाड्या थोड्या कमी असतात, पण असतात. त्यांतल्या एखाद्या गाडीत, कुशीवर हात दाबून, परत यायला सांगितलेलं आणि परत न गेलेलं माणूस बसलेलं असेल, या विचाराने मला झोप येत नाही.

म्हणून हे लिहितो आहे. डॉक्टर चुकतात. मशीनला सगळं दिसत नाही. पण त्यांची चूक दुरुस्त व्हायला एक दार उघडं असतं: रुग्णाने परत येणं. टाल्टीच्या खड्याने कुणाला इजा झाली नाही. इजा केली ती "आत कुणी डोकावायचं नाही" या अटीने, कारण तिने तेच दार लावून घेतलं. जो माणूस तुम्हाला तपासू नका, विचारू नका, पुन्हा बघू नका असं सांगतो, तो पैसा घेवो न घेवो, त्याच्या हाताला गुण असो नसो, त्याचं ऐकू नका. दुखणं परत आलं, तर तुम्हीही परत जा.